हेमाचा कोड: सकाळी सात ते संध्याकाळी सात

नौपाडा, ठाणे
मंगळवार, सकाळचे पावणेनऊ

तीर्थस्वरूप मालूताईंना भाऊचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता आला नसता, सध्या बसलोय तिथे आडवं व्हायला जागा नाही, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? डोंबिवलीत पाणी वेळेवर येतं का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. शुक्रवारपासून माझी बायको, म्हणजे तुमची धाकटी बहीण, तुमच्याकडे आहे. तिने तिची बाजू सांगितलीच असेल, आणि एव्हाना मला शिव्याही घालून झाल्या असतील. तरी माझीही बाजू ऐकून घ्यावी, नाही पटली तर शिव्या चालू ठेवाव्यात.

सुरुवात सलिलने केली. (मुलं बंगळुरूला राहून आईवडिलांची अशी काळजी घेतात की ती निस्तरायला आईवडीलच लागतात.) दिवाळीला आला आणि दाराला आकड्यांचं कुलूप बसवून गेला. किल्ली नाही. ज्याचा त्याचा चार आकडी कोड, कोणी कधी आत यायचं ते मोबाइलवर ठरवायचं, आणि कोण आलं ते घर स्वतः बाईच्या आवाजात सांगतं, अगदी शुद्ध मराठीत. आता मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत हजेरीपट सांभाळलेला माणूस. माझ्या हातात असं यंत्र द्यायला नको होतं, हे मी मान्य करतो. कुलपात वीस कोडची सोय आणि घरात माणसं दोन. जागा रिकामी ठेवली की पद रद्द होतं हे आमच्या खात्यात शिपायालाही ठाऊक, म्हणून मी विसाच्या वीस जागा भरल्या. कामाला येणाऱ्या जाईबाईंना साडेनऊ ते साडेदहा. सलिलच्या अजून न ठरलेल्या बायकोसाठी एक जागा राखीव. गणपतीला दीड दिवसाचा कोड दिला, भाद्रपदातला.

जाईबाईंच्या लक्षात कोड काही राहीना. त्यांनी तो उंबऱ्यापुढच्या रांगोळीत घालायला सुरुवात केली, म्हणजे दुसऱ्या दिवशी येताना समोर तयार. पहिल्या ओळीत तीन ठिपके, खाली पाच, मग एक, मग सहा. आठ दिवस मी त्या रांगोळीचं कौतुक करत होतो (नवीन पद्धतीची दिसते, असं म्हणालोसुद्धा). हेमाने कपाळाला हात लावून सांगितलं तेव्हा कुठे कळलं. तोवर बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ झालेला.

आणि हेमा. इथे माझं चुकलं. सगळ्यांना वेळ लावली आणि घरच्या माणसाला सूट दिली असं दिसू नये, म्हणून तिला सकाळी सात ते संध्याकाळी सात. शुक्रवारी ती दुसऱ्या मजल्यावरच्या केशरबाईंकडे हळदीकुंकवाला गेलेली. तिळगूळ आणि वाणाची प्लास्टिकची चाळणी घेऊन सात वाजून सात मिनिटांनी परत आली. सोबत केशरबाई आणि आणखी चौघीजणी, आमचं नवं कुलूप बघायला. हिने कोड दाबला आणि घर खणखणीत आवाजात म्हणालं, हेमा, आपला प्रवेश नाकारण्यात आला आहे. ताई, मी आतच होतो, दारापासून चार पावलांवर. उठून दार उघडायचं सोडून मी सलिलला फोन लावला, कशासाठी, तर तुझी यंत्रणा अगदी चोख चालते रे, हे सांगायला. पहिलाच लेटमार्क आहे तर माफ करावा का, यावरही आम्ही बापलेक सविस्तर बोललो.

तुम्हाला माहीत आहे, अख्ख्या बिल्डिंगच्या जादा किल्ल्या आमच्या दारामागे टांगलेल्या असतात. लोक गावाला जाताना किल्ली हेमाकडे देतात, माझ्याकडे कोणी देत नाही. त्या हेमाला मी त्याच बायकांसमोर स्वतःच्या दारात ताटकळत ठेवलं. मी दार उघडलं तेव्हा चाळणी उंबऱ्यावर होती आणि ती जिना उतरत होती. घरातून निघताना 'येते' म्हणायचं, 'जाते' म्हणायचं नाही, हे तिनेच मला लग्नानंतर शिकवलेलं. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही. त्या दिवशी खालच्या वळणावरून म्हणाली, जाते मी. तेव्हापासून माझं कशातही लक्ष नाही. भात दोनदा लावला आणि दोन्ही वेळा दोघांचा लावला.

म्हणून काल संध्याकाळी मी चूक दुरुस्त केली. मोबाइलवर 'मालक' लिहिलेलं असतं तिथलं माझं नाव काढलं आणि हेमाचं घातलं. तिला चोवीस तास, कायम. स्वतःला खाली पाहुण्यांच्या यादीत उतरवलं. हे तिच्या कानावर घालावं, एवढ्यासाठी हे पत्र. बाकी काही मागणं नाही. गुडघ्याला जपा.

आपला,
भाऊ

ता. क. मागणं आहे. पाहुण्याचा कोड मालकाने मंजूर केल्याशिवाय चालत नाही, हे मला आज सव्वाआठला पेपर घेऊन वर आलो तेव्हा घराने सांगितलं. तेव्हापासून जिन्यात बसलोय. फोन आत राहिलाय, आणि तसाही ती माझा उचलत नाही. समोरची कल्पिता डोंबिवलीच्या कॉलेजात शिकवते, तिने उत्तरपत्रिकेच्या पुरवण्या दिल्या, त्यांवरच लिहितोय. जाताना ती हे तुमच्याकडे देईल. हेमाच्या मोबाइलवर माझा अर्ज पोचलेला असणार. तिला म्हणावं, तेवढं 'मंजूर' दाब.

ता. क. दुसरा. साडेनऊ वाजले. जाईबाई आल्या, कोड दाबून आत गेल्या, आणि आता आतून विचारताहेत की भाऊ असे बाहेर का बसलेत. दार सताड उघडं आहे. तेव्हा 'मंजूर' दाबायची काही गरज राहिलेली नाही. पण मी आत गेलेलो नाही, आणि मालकीण येईपर्यंत जाणारही नाही, एवढं तिला सांगा. कल्पिताने चहा दिलाय.

ता. क. शेवटचा. आज तुमच्या दारातून निघताना हेमा 'जाते' म्हणाली, तर मनाला लावून घेऊ नका, ताई.