पिवळा खुळखुळा

गुरुवार, दुपार

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

नातीच्या तोंडातून तू रंगवून दिलेला खुळखुळा मी ओढून काढला, त्याचा तुला राग आला आणि तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून लिहावं लागतंय.

इकडे सगळं ठीक. सूनबाई पुन्हा कामावर जाऊ लागली. छकुलीला खालचे दोन दात आलेत. दिसेल ते चावते: खिडकीची कडी, माझा चष्मा, माझं नाक.

त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, कॉलेजात केमिस्ट्री शिकलीस तेव्हापासून तुला पाण्यातसुद्धा विष दिसतं." सगळे हसले. मीही हसले असते, पण खुळखुळ्याचा पिवळा रंग पोरीच्या हनुवटीवर उतरला होता.

मी तो प्रयोगशाळेत तपासून घेतला. रंगात शिसं आहे, चालतं त्याच्या कितीतरी पट. तुझ्या दारात येऊन सांगितलं, तर तू म्हणालास, "दुसऱ्या पिवळ्याला असा उठाव नाही येत, ताई. गिऱ्हाईक हातसुद्धा लावत नाही." बारक्या, हात गिऱ्हाईक लावतं, तोंड पोर लावतं.

वर सगळं ठीक असं लिहिलं, ते खरं नाही. छकुलीच्या रक्तात शिसं सापडलंय. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं, आता आणखी पोटात जाऊ देऊ नका. मामांनी स्वतःच्या हातानं रंगवलाय म्हणून सूनबाई तो खुळखुळा पोरीच्या उशाशी ठेवायची.

आणि आणखी एक. त्या दिवशी चहाचा कप तू दोन्ही हातांनी धरलास. उजवं मनगट लुळं पडतं, पोटात कळा येतात, हे तुझी बायको बोलून गेली. ब्रशचं टोक तू अजून ओठांत धरून करतोस. "थुंकी लावल्याशिवाय रेघ बारीक येत नाही," असं बाबांनी शिकवलं. बाबांचा रंग लाखेचा होता रे. तुझा डब्यातला, शिशाचा आहे, आणि प्रत्येक रेघेला तू तो चाटतोस.

मी थकले आहे. भांडायचं बळ उरलेलं नाही. तुझ्याकडे खुळखुळ्यांच्या पेट्या भरून तयार आहेत आणि माझ्या सांगण्यावरून तू त्या थांबवणार नाहीस, हे मला कळून चुकलंय. खुशाल रागाव. पण उद्या डॉक्टरांकडे जा, आणि ब्रश ओठाला लावू नकोस.

तुझी
ताई

ता. क. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी, आज दिलेल्या वस्तूंची नोंद.
तुझ्या बायकोच्या हाती: हे पत्र आणि तुझ्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी.
खेळणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात: पिवळा खुळखुळा एक, दातांच्या खुणांसह, प्रयोगशाळेचा अहवाल, तुझ्या कारखान्याचा पत्ता. देणाऱ्याचं नाव विचारलं, ते लिहिलं. नातं विचारलं, तेही लिहिलं: सख्खी बहीण.