पडद्यावरचं आभाळ

९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील. तरी वाच. मी बरी आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे. फोटो स्टुडिओ चालू आहे. आपण रंगवलेल्या पडद्यांसमोर उभं राहून लोक अजून फोटो काढून घेतात, कुणी वाळवंटापुढे, कुणी जंगलापुढे.

आपण दोन्ही न पाहताच रंगवली होती, म्हणून यंदा दोन्हीकडे जाऊन आले.

वाळवंटात पहिल्या दिवशी मला काही दिसलंच नाही, इतकं मोकळं होतं. वाळू पिवळी नसते गं. सकाळी ती भाजलेल्या पिठासारखी दिसते आणि ऊन कललं की गुलाबी होते. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. मी तासन्‌तास नुसती बसून राहिले, अर्धवट झोपेत असल्यासारखी.

जंगलात सगळं उलटं. नजर चार पावलांवर अडते. खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांवर पाणी, आणि चहूकडून थेंबांचा आवाज. हिरव्याचे इतके प्रकार की आपल्या रंगाच्या डब्यांची कीव आली. आभाळ मात्र नावालाही नाही. आभाळ तुझं, जमीन माझी, ही बाबांनी घालून दिलेली वाटणी. तिथे तुला कामच उरलं नसतं.

कुठलं जास्त आवडलं, असं बाबांनी विचारलं. मी जंगल म्हणाले. खोटं बोलले.

वाळवंटात आभाळ खाली येता येता फिकं होतं आणि जमिनीला टेकतं तिथे चक्क पांढरं असतं. तू काढलं होतंस अगदी तसं. तू जेवायला गेलीस तेव्हा मी त्यावर निळा फासला आणि वर म्हणाले, चुकलं होतं, सुधारलं. तू ब्रश धुतलेस, पुसून ठेवलेस आणि घर सोडलंस.

इथवर लिहून दोनदा कागद बाजूला सारला. ताई, ते मला तेव्हाही चुकलेलं वाटलं नव्हतं. बाबा तुझ्या आभाळासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. माझ्या वाळूकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या पोटात दुखलं, बस्स.

काल बाबांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला नको, तिला सांग."

परवा तो निळा खरवडायला घेतला होता. पण त्याच्याबरोबर खालचं तुझंही निघू लागलं, म्हणून हात आवरला. तुझं आभाळ मला परत देता येणार नाही. पडदा तसाच टांगून ठेवला आहे.

वाट पाहायचा हक्क नसताना वाट पाहणारी,
तुझी धाकटी