मिशीतली साय

दि. ४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

एका गंभीर अन्यायाची दाद मागण्यासाठी हे पत्र. परवा चार तास बसचे हादरे खात आलेल्या सख्ख्या थोरल्या भावाला तुझ्या घरी काळा चहा मिळाला, तोही दोनदा. इतका पातळ, की कपाच्या तळाची चीर दिसली. जन्मभर मुद्रितं तपासलेल्या माणसाला ती दिसायचीच.

कारण ठाऊक आहे. तुझ्या युवराजांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही; तू खाल्लंस तर तुझ्या दुधातूनही त्याला बाधतं, म्हणून घरातून दूध-दही हद्दपार. आमच्या संस्कृतात दुधाला अमृत म्हटलंय. सहा महिन्यांच्या माणसाने साऱ्या परंपरेवर अशी लघुशंका करावी, हे धाडस घराण्यात प्रथमच.

पुढच्या महिन्यात तू चष्म्याच्या दुकानात रुजू झालीस, की मी मुद्रितं घेऊन राहायला येतो आणि त्याला सांभाळतो, हे ठरलं ते ठरलं. त्यात कसलं आलंय शास्त्र!

चहा पातळ झाला तरी माया दाट असू द्यावी.

तुझा
दादा

दि. ८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चहाचा खटला वाचून हे पोट धरून हसले. मला मात्र हसू पुरलं नाही. त्या दिवशी तू बस पकडायला गेलास आणि पाव तासात पोराच्या डाव्या गालावर लाल गांधी उठल्या, डोळा सुजला. तसेच दवाखान्यात पळालो. तासाभरात उतरलं, पण डॉक्टर विचारत होते, दूध कुठून आलं? घरात थेंब नाही रे! म्हणजे माझ्याच खाण्यात काहीतरी. मनाने काही सोडू नका म्हणाले ते, तरी मी अंडी, मासे, शेंगदाणे, पाव, सगळं बंद केलंय. सहा दिवस भात आणि उकडलेला बटाटा. हे म्हणतात, आता तुला कोंब फुटतील. दूधही कमी येतंय.

शंभर पानांत निसटलेली एक चूक तू शोधतोस. माझी कुठे झाली, तेवढी शोधून दे ना.

तुझ्या रागालोभाची धनीण,
ठमी

दि. १५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आधी तो बटाटा बाजूला ठेव. चूक सापडली, तुझी नव्हे. दुसऱ्या काळ्या चहानंतर मी पाय मोकळे करायला जातो म्हणालो होतो. ते पाय कोपऱ्यावरच्या दुकानात मोकळे झाले. दुधाची कॉफी घेतली, वर साय मागून. परत येऊन निघताना युवराजांच्या डाव्या गालाचा मुका घेतला. मिशी पुसली नव्हती. हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांग, आणि त्यांना विचारून नीट जेवायला लाग.

मिशी उतरवली आहे. तीस वर्षांची होती. आरशात आता आपले काका दिसतात. मला ते कधीच आवडले नव्हते.

आता खरं सांगतो. तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. वाचताक्षणी मला कळलं होतं. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. ते चार दिवस तू बटाटा खात होतीस.

पुढच्या महिन्यात तू दुकानात असशील आणि पोर माझ्यापाशी. चुका होतील, त्याचं इतकं नाही. झालेली चूक मी तुला लगेच सांगेन की नाही, याची मला भीती वाटते.

हे वाचूनही बोलावलंस, तर येतो.

दादा