राजा, प्रधान आणि नळाचं पाणी

आई, यंदाच्या शरदोत्सवात मला नाटकात घेतलंय. बजाजनगरातला आपला तो मंडप आता ओळखू यायचा नाही. मोठे पडदे आलेत, निवेदक कोट घालून येतो, मुली गाण्यांवर नाचतात आणि त्यांच्या आया समोर मोबाईल धरून उभ्या राहतात, त्यामुळं मागच्यांना नाच मोबाईलमधूनच बघावा लागतो. पण बायकांचं नाटक अजून होतं. नाटकाचा विषय निघाला की कुणीतरी तुझी गोष्ट सांगतंच, आणि दरवर्षी ती थोडी वाढते. परवा एकीनं सांगितलं की तू स्टेजवर तलवार उपसली होतीस. तलवार कुठली? पुठ्ठ्याची होती, ती परतीच्या पावसात भिजून तालमीतच वाकली. म्हणून म्हटलं, मला आठवतंय तसं तुलाच एकदा सांगून टाकावं.

शाळेतल्या बाईंनी नाटक लिहिलं होतं. चहाड्या ऐकून राजा प्रधानाला हद्दपार करतो आणि खरं कळल्यावर भर दरबारात माफ करतो, एवढीच गोष्ट. राजा तू, कारण तू उंच होतीस आणि तुझा आवाज माईकशिवाय कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचा. प्रधान समोरच्या काकू. बाई नव्यानं राहायला आलेल्या, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत की तुमची दोघींची वर्षभर बोलचाल बंद आहे. पाणी यायच्या दिवशी काकू थेट नळाला मोटर लावायच्या आणि आपल्या नळातून नुसती हवा फुसफुसायची, त्यावरून ते सगळं झालेलं. तालमीत तुम्ही एकमेकींकडं बघतसुद्धा नव्हता. काकू मुजरा विसरल्या की तू बाईंना म्हणायचीस, त्यांना सांगा, इथं वाकायचं असतं. काकू बाईंनाच सांगायच्या की कधी वाकायचं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि माफीचं वाक्य तू एकदाही म्हटलं नाहीस. तिथं आलं की तुला खोकला यायचा, नाहीतर गॅसवरचं दूध आठवायचं. बाईंनी हात जोडले तर म्हणालीस, त्या दिवशी बोलते.

घरी मात्र तयारी जोरात. छावणीतल्या मेकअपवाल्यानं मिशी आधीच देऊन ठेवली होती, आणि सवय व्हावी म्हणून तू ती लावूनच स्वयंपाक करायचीस. मला आत्ताही दिसतंय: तू ओट्याशी उभी आहेस, भाकरी थापतेयस, पीठ मिशीला लागून राजा अर्धा म्हातारा झालाय आणि दारात दूधवाला माप हातात धरून तसाच थिजलाय. मी हसले तर म्हणालीस, "हसू नको. राजा हाय मी." अण्णांना हसू येत नव्हतं. कंपनीतली माणसं येणार, त्यांचे साहेब पहिल्या रांगेत बसणार, आणि बायको मिशी लावून उभी. त्यांनी सांगून टाकलं की त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी आहे. त्या रात्री तू त्यांच्या ताटात भाजी वाढायची विसरलीस.

त्या संध्याकाळी नाटक बरं चाललं होतं. "हाय" आणि "नाय"च्या जागी बाईंनी घासून घेतलेलं "होय" आणि "नाही" तू नीट म्हणत होतीस. मग दरबार आला. काकू गुडघ्यांवर बसल्या, मान खाली घातली, न्याय मागितला. तू गप्प. पडद्यामागून बाई वाक्य सांगतायत, आधी हळू, मग इतक्या मोठ्यानं की पहिल्या रांगेला ते पाठ झालं. मिशी एका बाजूनं सुटून लोंबतेय. ती बोटानं दाबून धरत तू खाली वाकलीस आणि समोर माईक आहे हे विसरून विचारलंस, "मोटर लावायची बंद करशील का?"

काकूंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते. तो अभिनय होता असं बाई पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिल्या, पण मी अगदी पुढं बसले होते, तो अभिनय नव्हता.

"करते," काकू म्हणाल्या. "पण तू बोलत जा माझ्यासंगं. लई जड गेलं हे वर्ष."

तू त्यांना दंडाला धरून उठवलंस. "ऊठ. केलं माफ."

मग जो गोंधळ उडाला त्यात नाटकाचा शेवट कुणाला ऐकूच आला नाही. टाळ्या थांबेनात. मी वळून पाहिलं तर मागच्या खांबाशी अण्णा उभे होते, पाळी अर्धी टाकून, कंपनीच्या कपड्यांतच. मी पळत त्यांच्याकडं गेले तेव्हा शेजारचा माणूस त्यांना राजाचं काम कुणी केलं म्हणून विचारत होता. अण्णा म्हणाले, "आमची मंडळी." छाती एवढी पुढं आलेली मी त्यांची परत कधी पाहिली नाही. स्पर्धेच्या परीक्षकांनी मात्र विषय सोडून बोलल्याबद्दल गुण कापले आणि बक्षीस दुसऱ्याच गल्लीला गेलं. तू आणि काकू मिळून त्या परीक्षकांना आठवडाभर शिव्या देत होतात.

तुझ्या आजारपणात रोज डबा काकूंचाच यायचा आणि रोज तू त्यात मीठ जास्त आहे म्हणायचीस. तू गेल्यावर पुष्कळ दिवस काकू संध्याकाळी सवयीनं आपल्या दारापर्यंत यायच्या, उंबऱ्याशी थांबायच्या आणि काहीतरी निमित्त सांगून परत जायच्या. आता त्या फार थकल्यात. माझं नाव नाटकासाठी त्यांनीच घुसवलं. माझी तालीम ऐकून म्हणाल्या, "तुझ्या आईचा आवाज घरातल्या कुणालाच आला नाय."

हे पत्र कुठं पाठवणार मी? घडी करून पर्समध्ये ठेवतेय. ऑफिसात आज ताप आलाय म्हणून कळवलंय. ताप नाही, आई. संध्याकाळी नाटक आहे आणि सकाळपासून मी ओट्याशी उभी राहून वाक्यं म्हणतेय.