फरशीखालच्यांसाठी माझी जागा

मी, खाली सही करणारी, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर. गुडघे गेले तरी डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वखुशीने ही व्यवस्था लावून ठेवते.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या मुलास मिळावी. गेले वर्षभर तो माझ्याशी बोलत नाही, हे त्याच्या हक्काच्या आड येऊ नये. त्याच्या वडिलांचे रंधे, पटाशा, करवती त्यालाच. गंज काढून ठेवला आहे.

२. बंद पडलेल्या जुन्या चर्चमध्ये वाचनालय आणि पाळणाघर करावे, ही कल्पना माझी. ठेका मुलाला मिळाला. वेदीजवळची फरशी उचलली तेव्हा खाली तान्ह्या मुलांची हाडे निघाली. ना नाव, ना दगड. मुलाने मला बाजूला घेतले.

"आई, उद्या काँक्रीट पडलं की विषय संपला. काम थांबलं तर मी रस्त्यावर येईन."

"अरे, वर पाळणाघर होणार आहे."

"म्हणूनच सांगतोय, गप्प बस."

मी गप्प बसले नाही, पोलिसांना कळवले. काम थांबले, त्याची माणसे पांगली, ट्रक विकावा लागला. चूक कोणाची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

३. चर्चचे काम पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "बाईंना मेलेल्यांचा पुळका, जिवंत पोरं गेली उडत." ते माझ्या अंत्यविधीला आले तर त्यांना भाषण करू देऊ नये. चहा द्यावा.

४. तपासणी होऊनही ती हाडे चर्चच्या मागच्या खोलीत खोक्यांतच पडून आहेत. कोणी हात लावत नाही. दफनभूमीत पतीशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा मी त्या मुलांना देते. ह्यांना लहान मुलांचा लळा होता, कुरकुरणार नाहीत. माझे दहन करावे.

५. त्यानंतर चर्चचे काम पुन्हा सुरू व्हावे आणि मुलालाच मिळावे. तसे फर्मावण्याचा मला अधिकार नाही. समितीला हात जोडून सांगते.

६. त्या तान्ह्यांसाठी खड्डा माझ्या मुलाने स्वतः खणावा. ही अट नव्हे. तो आला नाही तर दुसऱ्या कोणी खणावा, पण कुदळ उचलण्याआधी जरा वेळ त्याची वाट पाहावी.

सही: मुख्याध्यापिका (निवृत्त)

आमच्यादेखत सही केली:
१. डॉक्टरीणबाई, शेजारी
२. चर्चच्या जुन्या ऑर्गनवादक

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च