फ्रिज, खुर्ची आणि दोन सपाट स्पीकर

वर्तकनगर, ठाणे
गुरुवार

ती. सुश्रुतदादांना,

सलिलचा नमस्कार. (साष्टांग घालायचा होता, पण आमच्या हॉलमध्ये आता तेवढी जागा उरलेली नाही. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा डोंबिवलीचे जिने चढू देतो का? वहिनींच्या कुंडीतल्या मिरच्या यंदा कबुतरांनी ठेवल्या का? आम्ही इकडे ठीक आहोत. क्षिप्राचं लग्न ठरल्यापासून तुमची बहीण घरातली प्रत्येक वस्तू व्याह्यांच्या नजरेने बघते आहे आणि त्या नजरेला सगळंच खटकतं आहे, मी धरून. हे सगळं फोनवरच बोललो असतो, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं चित्राला ऐकू गेलं नाही असं कधी झालेलं नाही, आणि हा विषय इतक्यात तिच्या कानावर जायला नको आहे.

विषय स्पीकरचा. निवृत्त झाल्यावर मी घेतलेले ते माणसाएवढे सपाट स्पीकर तुम्हाला आठवत असतील. (तुम्ही विचारलं होतंत, ‘दारं का काढून ठेवलीत?’) यांना खोका नसतो. जाळीच्या दोन पत्र्यांमध्ये सायीहून पातळ पडदा ताणलेला असतो, त्यात वीज खेळवली की तो अख्खा पडदा थरथरतो आणि गातो. आमचे शेजारी गुणाजीराव या स्पीकरांना डास मारायच्या रॅकेटचा थोरला भाऊ समजतात आणि भेटले की ‘काल किती मेले?’ असं विचारतात. (एकदा खरंच एक मेला. ऐन आलापात टक्कन आवाज आला. चित्रा आतून म्हणाली, ‘चला, कशाच्या तरी उपयोगी पडले.’)

तर दिवाळीनंतर मी यांची सुधारणा करायला घेतली. जुना पडदा सैल पडला होता. नवा बसवला आणि क्षिप्राच्या हेअर ड्रायरने तापवून ताणून घेतला. ट्रान्सफॉर्मर बदलले. खाली सागवानी पाय केले, वायर त्या पायातूनच वर नेली. आता गंमत अशी की हे स्पीकर पुढे जेवढं गातात तेवढंच मागेही गातात. आमचे उभे आहेत हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या ताटं सरकवायच्या मोठ्या खिडकीपुढे, म्हणजे निम्मं गाणं फोडणीतच जायचं. ते वाया कशाला घालवा, म्हणून मी मागच्या बाजूला जाड लोकरी नमदा चिकटवला, दिसायला बरं म्हणून दोन्ही बाजूंना सारखंच काळं कापड चढवलं, आणि स्पीकर भिंतीपासून चांगले तीन फूट पुढे ओढले. धुणंभांड्याच्या मालनबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत जाताना आता आडव्या होऊन जातात. पण आवाज! माझ्या वेताच्या खुर्चीत बसलं की गवई समोर बसलेला. फक्त त्याच खुर्चीत हं, शेजारच्या सोफ्यावर नाही. असं का, हे शोधण्यात माझे दोन महिने फार सुखात गेले.

मग तुमच्या बहिणीचा हुकूम सुटला. येत्या रविवारी कल्याणहून मुलाकडची मंडळी बैठकीला येणार. ही दारं तशीच राहिली तर व्याही एका बाजूला, विहीणबाई दुसऱ्या बाजूला, आणि कबूल की नाकबूल हे एकमेकांना खुणेनेही सांगता येणार नाही. तेव्हा रविवारच्या आत हलवा, नाहीतर भंगारवाल्याला देते. दादा, सरळ सांगतो, मला हे स्पीकर जाऊ द्यायचे नाहीत. उभा जन्म कारखान्यात कंप्रेसरची घरघर ऐकली. आत्ता कुठे तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या आहेत.

आणि नेमकं तेव्हाच ते विचित्र प्रकरण सुरू झालं. गेल्या आठवड्यात मंगळवारी मी कोलशेतला आमच्या जुन्या कंपनीतल्या सुदेशकडे स्क्रू आणायला गेलो. परत येऊन खुर्चीत बसतो तो काय, गवयाने तोंडावर उपरणं घेतलेलं! सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. खाडीचा दमट वारा असेल म्हणून खिडक्या बंद केल्या. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन मळही काढून घेतला. (त्याने चित्राचं बोलणं जास्त स्पष्ट झालं, गाणं नाही.) मग म्हटलं, हा आवाज जातो तरी कुठे ते बघू. कान पुढे करून घरभर फिरलो. गॅलरीत नाही, मोरीत नाही, स्टुलावर चढून माळ्याजवळही नाही. थकून पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो आणि तिथेच थबकलो. अहो, सगळं तिथे! तानपुरा, गवयाचा श्वास, तबलजीची अंगठीसुद्धा. कारण काय असावं? स्टीलच्या डब्यांनी आवाज घुमत असेल म्हणून सगळे डबे बाहेर नेले. (मग सगळे परत आणले. मध्ये काय झालं ते लिहीत नाही.) माझा सध्याचा निष्कर्ष असा की, ओट्याचा कडप्पा आणि टाइल्स यांचा कोनच असा जुळला आहे की आवाज तिथे येऊन गोळा होतो. आता रोज संध्याकाळी तिथेच उभा असतो. चित्रा म्हणाली, ‘उभेच आहात तर मटार सोला.’ सोलतो.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, रविवारपुरता तो थोडा वाढवावा.

तुमचा,
सलिल

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. ऐकायला सगळ्यात उत्तम जागा नेमकी आमचा फ्रिज उभा आहे तिथे आहे. फ्रिज हॉलमध्ये न्यावा आणि तिथे माझी खुर्ची ठेवावी, असं मी ठरवलं आहे. चित्रा फक्त तुमचं ऐकते. तेव्हा शनिवारीच या आणि ही कल्पना स्वतःची म्हणून मांडा. दर्शनी फ्रिज असला की घर भरलेलं दिसतं, असं काहीतरी म्हणा.

ता. क. २. अर्थात, मग स्पीकर आहेत तिथेच ठेवावे लागतील. तेही तुम्हीच सांगा. व्याह्यांना गॅलरीत बसवता येईल.

*

दादा, मी चित्रा. हे पाकीट डिंकासाठी ओट्यावर ठेवून गेलेत, म्हणून वाचलं. ह्यांच्या कानात काही बिघाड नाही आणि माझ्या ओट्यात काही जादू नाही. त्या मंगळवारी हे कोलशेतला गेलेले, तेव्हा मी आणि मालनबाईंनी दोन्ही स्पीकर पाठमोरे फिरवून ठेवले. दोन्हीकडून काळं कापड, त्यामुळे ह्यांना अजून पत्ता नाही.

भंगारात देते म्हणाले, ते व्याह्यांसाठी नव्हतंच रे. त्यांना काय, सोफ्यावर बसतील. ह्यांनी तो नमदा चिकटवला आणि मला आत काहीच धड ऐकू येईना. लग्न झाल्यापासून या घरात जेवढं गाणं लागलं, ते सगळं मी कुकरच्या शिट्ट्यांमधूनच ऐकलंय. त्या खुर्चीत बस, असं मला कोणी कधी म्हणालं नाही. मलाही गाणं आवडतं, तुला तरी माहीत आहे.

तर फ्रिज हलणार नाही आणि आता स्पीकरही हलणार नाहीत. मंडळींना काय सांगायचं ते मी बघते. तू रविवारी ये, पण ह्यांच्याजवळ यातलं एक अक्षर काढू नकोस. शेजारी उभं राहून ऐकणारं माणूस मला पहिल्यांदाच मिळालंय.