धाकटीला मिठागर बंद केलंस तेव्हा

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विचारायचं एकच राहिलं आहे. माझी धाकटी बहीण कशानं शांत होते हे तुला ठाऊक होतं. मग तेच तिच्याकडून का काढून घेतलंस?

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांची गोष्ट. दसरा झाला की मिठागराच्या वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचे. माणसं खांद्यावर हात टाकून ओळीत उभी राहत आणि एका ठेक्यात पाय मारत. धाकटी बोलायची जेमतेम. घरात भांडं पडलं तरी कान दाबून किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. एकदा वैतागून तू तिला उचललीस आणि त्या ओळीत उभी केलीस. हळूहळू तिचा श्वास पायांच्या ठेक्यावर आला. अजून डोळ्यांपुढे आहे, घरी येऊन ती निवांत भाकरी खाते आहे आणि आई बघतच राहिली आहे. "पोरीला केलं तरी काय?" तू हसतोस. "कामाला लावली. मुकादम व्हनार ती." तेव्हापासून दर हंगामात ती तुझ्यामागून जायची. एरवी ती बिथरली की आई तिचा हात धरून अंगणात तसेच पाय मारायची.

मग ती वयात आली. बायका डोक्यावरून मीठ वाहत, पण वाफ्यात त्यांचा पाय पडू देत नसत. शेजारचा काका ओटीवर बसून म्हणाला, "आता तिला वाफ्यात घालशील तर मीठ नासंल. गाव हसंल ते येगळंच." आई काकुळतीला आली, "चार दिवस नका नेऊ. बाकीचे तरी न्या." तू म्हणालास, "न्हाय म्हंजे न्हाय."

ती तुझ्यामागे निघाली, तशी तू बाहेरून कडी घातलीस. रोज ती दार हादरवायची. तुला त्यात भूत दिसलं. तू तिला भगताच्या झोपडीत नेलंस. त्यानं धूर केला, निंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं आणि तिचे पाय बांधले. पाय, बाबा. त्यानंतर ती किंचाळली नाही. तू गावभर सांगितलंस, पोरगी सुधारली. ती नुसती बसून असायची. आई अंगणात एकटीच पाय मारायची, धाकटी तिकडे बघतही नसे.

अशा मुलांना काय म्हणतात, ते आता डॉक्टर सांगतात. तुला आणि आईला नाव ठाऊक नव्हतं, उपाय ठाऊक होता. तू तो गावाच्या हसण्याला घाबरून सोडलास.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तिचे पाय बांधले त्या दिवशी भगताच्या कुडाच्या भिंतीमागे तोंडात पंचा कोंबून तू रडत होतास, ते मी पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. तुझा राग करणं सोपं गेलं असतं.